अडतीस मीटरवरून दिसणारा डेक

कटी सार्क या जुन्या शिडाच्या जहाजाचं १:९६ प्रमाणातलं प्लास्टिक किट, डेकवर कॅनमधून मारलेला तपकिरी स्प्रे, त्यावर सगळीकडे काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) आणि शेवटी फिक्या रंगाचं ड्रायब्रशिंग (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळणं). एवढं सगळं रीतसर करूनही डेक लाकडाचा वाटत नाही, काळ्या रेघा मारलेल्या तपकिरी पत्र्यासारखा दिसतो, आणि तुम्ही विचारलंय की नेमका कोणता रंग घ्यायला हवा होता. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन) नाही आणि डेक अजून हलमध्ये, म्हणजे जहाजाच्या खालच्या अंगात, चिकटवलेला नाही, हेही सांगितलंत ते बरं केलंत. पुढचं बरंचसं त्यावरच अवलंबून आहे.

रंगांचे नंबर देतो, पण जरा खाली. कारण तुमची अडचण रंगाची नाहीच. तुमच्या डेकवर सगळ्यात गडद आणि सगळ्यात फिका रंग यांच्यात जे अंतर आहे, ते फार मोठं आहे. हाच डेक अगदी अचूक रंगात रंगवला असता आणि काळा वॉश व ड्रायब्रशिंग तसंच ठेवलं असतं, तरी तो असाच दिसला असता.

एक साधा हिशेब करू. टेबलावर ठेवलेलं मॉडेल आपण साधारण चाळीस सेंटिमीटरवरून बघतो. १:९६ प्रमाणात याचा अर्थ आपण खऱ्या जहाजापासून अडतीस मीटर लांब उभे आहोत. आता अडतीस मीटरवरून एखादं लाकडी फाटक किंवा घाटावरची फळ्यांची फरशी आठवून बघा. लाकडाच्या रेषा दिसतात? गाठी दिसतात? नाही दिसत. दिसतं ते इतकंच: एक फळी शेजारच्या फळीपेक्षा किंचित वेगळी आहे, आणि दोन फळ्यांच्या मधे काहीतरी बारीक गडद आहे. बस. आपण मात्र हातात डेक घेऊन, डोळ्याला भिंग लावून, जणू टेबलाचा पृष्ठभाग रंगवतोय अशा थाटात लाकडाच्या रेषा काढत बसतो. मीही पहिली चार-पाच जहाजं अशीच वाया घालवली.

किट बनवणारेही यात मागे नसतात. जुन्या साच्यांमधल्या डेकवर लाकडाच्या रेषा कोरलेल्या असतात, त्या हौशी माणसाला बघताक्षणी आवडतात. पण कोरलेली रेषा जर एक दशांश मिलिमीटर खोल असेल, तर खऱ्या जहाजावर ती जवळपास एक सेंटिमीटर खोल झाली. असल्या डेकवर खलाशी अनवाणी चाललेच नसते. फळ्यांमधल्या खाचेचंही तेच. खऱ्या जहाजात दोन फळ्यांच्या फटीत जुन्या दोरखंडांचे पिंजलेले तंतू ठोकून वर वितळवलेलं डांबर ओतत. डांबराची ती रेघ अर्धा ते एक सेंटिमीटर रुंद, म्हणजे आपल्या प्रमाणात एक दशांश मिलिमीटरच्या आतबाहेर. किटमधली खाच सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद असते. तिच्यात तुम्ही काळा कुळकुळीत वॉश भरलात, की दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचे डांबराचे पाट तयार झाले. डांबर काळं असतं हे खरं, पण रेघ रुंद झाली असेल तर रंग तेवढा सौम्य करून तिची भरपाई करावी लागते. म्हणून मी डेकच्या खाचेत काळा रंग कधीच भरत नाही. राखाडीकडे झुकणारा तपकिरी भरतो. लांबून डोळा त्यालाच काळा समजतो.

आता रंगाकडे येऊ. इथे 'परिस्थितीप्रमाणे' असं म्हणावंच लागतं, कारण कोणतं जहाज, कोणत्या काळातलं आणि कामावर असलेलं की संग्रहालयातलं, यावर उत्तर बदलतं. कटी सार्क १८६९ साली पाण्यात उतरली. लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या अशी तिची बांधणी, आणि वरचा डेक सागवानाचा. सागवान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तेल दिलेलं लालसर-तपकिरी फर्निचर येतं, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. डेकला सहसा कोणी तेल-वार्निश लावत नसे. ऊन, खारं पाणी आणि रोजची घासाघीस यांत उघडं सागवान काही महिन्यांत राखाडी होतं, चांदीची झाक असलेलं. पाइनचा डेक असेल तर फिकट पिवळट, जवळजवळ सायीच्या रंगाचा. खलाशी गुडघ्यांवर बसून वाळू, पाणी आणि वालुकाश्माच्या ठोकळ्यांनी डेक घासत. त्या ठोकळ्याला ते होलीस्टोन म्हणत. मोठ्या ठोकळ्याला 'बायबल' आणि कोपऱ्यातल्या लहान तुकड्याला 'प्रार्थनेचं पुस्तक' अशी थट्टेतली नावं होती. इतकं घासल्यावर त्या लाकडाचा वरचा थर टिकणार कुठून? म्हणून शिडाच्या जहाजाचा कामावरचा डेक आपल्याला वाटतो त्यापेक्षा कितीतरी फिका असतो. तुमचा तपकिरी स्प्रे दोन-तीन पायऱ्या जास्त गडद आहे.

संग्रहालयातले फोटो बघून रंग ठरवू नका, हे आणखी एक. स्टॉकहोमच्या संग्रहालयातलं वासा हे जहाज घ्या. ती १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडाली आणि १९६१ साली वर काढली गेली. तिचं लाकूड काळपट तपकिरी आहे, कारण तीनशे तेहतीस वर्षं पाण्याखाली गंजलेल्या खिळ्या-बोल्टांचं लोखंड ओकमधल्या टॅनिनशी मिळून काळं पडलं. त्यावर संग्रहालयातला मंद पिवळा उजेड. ते फोटो समोर ठेवून वासाचं मॉडेल रंगवणारे बरेच जण भेटतात, आणि त्यांचं जहाज पाण्यावर तरंगणारं न वाटता पाण्याखालून काढलेलं वाटतं. तसंच हवं असेल तर हरकत नाही, पण मग ते ठरवून करावं.

तर नंबर. तामिया कंपनीचा एक्सएफ-५७ बफ पिवळसर आहे, एक्सएफ-५५ डेक टॅन राखाडीकडे झुकतो. दोन्ही समप्रमाणात घेतले की घासलेल्या डेकचा चांगला मूळ रंग मिळतो. पाइनसाठी बफ जास्त घ्यायचा, उन्हात पिकलेल्या सागवानासाठी डेक टॅन. मात्र तामियाचे ॲक्रिलिक ब्रशने मारायला कटकटीचे. दुसरा हात मारताना खालचा थर उचलला जातो. एअरब्रश नसेल तर व्हॅलेहो कंपनीचे मॉडेल कलर घ्या. त्यातले बफ, आयव्हरी, डेक टॅन आणि जर्मन कॅमोफ्लाज बेज या चार बाटल्यांत अख्खा डेक होतो. स्प्रे कॅनच हवा असेल तर तामियाचा टीएस-६८ वुडन डेक टॅन चालतो, थोडा पिवळा वाटतो पण पुढे तो खाली आणता येतो. तुमच्या बाबतीत कॅन मी सुचवणार नाही, कारण हे कॅन लॅकरचे असतात. खाली तुम्ही मारलेला वॉश इनॅमलचा असेल तर वर लॅकर पडताच तो सुरकुतेल. मारायचाच असेल तर आधी स्प्रूच्या (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्या) तुकड्यावर हेच थर देऊन बघा.

रंग खरवडून काढायचा का, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. माझं मत, नको. तुमचा गडद तपकिरी थर फुकट गेलेला नाही, आता त्यालाच तळाची सावली समजा. डेक भांडी घासायच्या साबणाने आणि मऊ टूथब्रशने धुऊन वाळवा. ड्रायब्रशिंगमुळे कुठे रंगाचे खडे बसले असतील तर ओल्या सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने, फळीच्या दिशेनेच, हलक्या हाताने घासा. यात कोरलेल्या जाड रेषाही थोड्या दबतात, तो फायदाच. सपाट ब्रशने पातळ केलेला मूळ रंग मारा, दुधाइतका पातळ. ब्रश नेहमी जहाजाच्या टोकाकडून मागच्या बाजूकडे, आडवा कधीच नाही. पहिल्या हातानंतर डेक भयंकर दिसेल. घाबरू नका. तिसऱ्या हातापर्यंत खाचांमध्ये जुना तपकिरी रंग शिल्लक राहतो, फळ्यांच्या पाठी उजळतात, आणि ब्रशचे जे बारीक ओरखडे राहतात तेच लाकडाच्या रेषांचं काम करतात. एअरब्रशवाल्यांना ही चैन मिळत नाही, त्यांना रेषा मुद्दाम काढाव्या लागतात.

याच्या आधी एक काम राहिलं, ते सांगायला हवं होतं: फळ्यांची टोकं. बऱ्याच किट्समध्ये फळ्यांच्या रेघा जहाजाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सलग जातात. साठ मीटर लांबीची फळी देणारं झाड कुठे असतं? सहा मीटरची फळी धरली तरी १:९६ ला ती जेमतेम सव्वासहा सेंटिमीटर होते. म्हणजे प्रत्येक ओळीत दर सहा सेंटिमीटरवर एक टोक यायला हवं, आणि ही टोकं डेकखालच्या आडव्या तुळयांवरच येतात, कुठेही नाही. शिवाय शेजारच्या दोन फळ्यांची टोकं एकाच तुळईवर येऊ देत नसत, नाहीतर डेक तिथेच कमकुवत झाला असता. मी फळीचे पाच सारखे भाग कल्पतो, प्रत्येक साधारण बारा मिलिमीटरचा, आणि ओळीने फळ्यांची टोकं एक, तीन, पाच, दोन, चार या क्रमाने त्या भागांवर टाकतो. सहाव्या फळीला परत एक. बारा मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात सव्वा मीटरच्या आत, तुळयांच्या अंतराला पटण्यासारखं. हा क्रम एकदा कागदाच्या पट्टीवर आखून घेतला की पट्टी डेकवर सरकवत पेन्सिलीने खुणा करायच्या आणि नव्या ब्लेडच्या टोकाने, दाबून नव्हे तर दोनदा हलकेच ओढून, टोकं कोरायची. ब्लेडची उलटी बाजू वापरलीत तर खाच स्वच्छ निघते, प्लास्टिकचा कीस वर येत नाही. तुमच्या डेकवर रंग असला तरी हे आताच करून घ्या, त्यानंतर पातळ थर द्या. एवढं एकच केलं आणि बाकी काहीच नाही, तरी डेक निम्मा सुधारतो. मला विचाराल तर रंगाच्या सगळ्या करामतींपेक्षा या टोकांचा परिणाम जास्त.

मोठ्या किट्समध्ये डेक दोन-तीन तुकड्यांत येतो आणि तुकड्यांचा सरळ आडवा सांधा डेकभर एक रेघ मारून बसतो. पुट्टी भरून घासायला जाल तर आजूबाजूच्या खाचाही बुजतात. यावर माझा उपाय म्हणजे सांध्याची ती सरळ कड फळ्यांच्या टोकांसारखी दात्यांत कापायची: एक फळी पुढे, एक मागे, आणि समोरच्या तुकड्यात नेमकी उलटी. वेळखाऊ आहे, पण जोडल्यावर सांधा हा सांधा राहत नाही, फळ्यांची टोकं होऊन जातो. तुमचे तुकडे अजून सुटे असतील तर विचार करा. जोडून झाले असतील तर सांध्यावर हॅच (डेकमधल्या भोकाचं झाकण), दोरांच्या गुंडाळ्या, बादल्या, असलं काहीतरी बसवून नजर चुकवा.

आता फळ्यांचा वेगवेगळेपणा. मूळ रंगापासून तीन छटा बनवा: एकीत थोडा आयव्हरी, एकीत थोडा बेज, एकीत डेक टॅन आणि थेंबभर राखाडी. छटा पॅलेटवर शेजारी ठेवल्यावर तुम्हाला वाटलं पाहिजे की 'यात फरकच नाही'. तेवढाच फरक हवा. मग बारीक, टोकदार ब्रशने एकेक फळी, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची, रंगवत जायचं. पाच-सहा फळ्यांमागे एक. दोन शेजारच्या फळ्या एकाच छटेत नकोत, आणि ठरावीक अंतरानेही नकोत. आपला हात नकळत नक्षी काढायला लागतो, तेव्हा मधेच थांबून चहा घ्यावा. एका छटेच्या सगळ्या फळ्या झाल्यावर दुसरी छटा. एवढ्यात पुरे. चौथी छटा घ्यायचा मोह होतो, तो टाळा.

छटा जास्त झाल्या का हे बघायची माझी एक पद्धत आहे. मोबाइलवर डेकचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. वेगवेगळ्या फळ्या जर पटकन मोजता आल्या, तर फरक जास्त झालाय. फोटोत जवळपास एकसारखा राखाडी डेक दिसला आणि प्रत्यक्षात मात्र तो जिवंत वाटला, तर जमलं. रंगाचा फरक चालतो, उजेड-अंधाराचा फरक चालत नाही, असं हे गणित आहे. तुमच्या आत्ताच्या डेकचा असा फोटो काढून बघा, मी वर अंतराबद्दल जे म्हटलं ते लगेच लक्षात येईल.

छटा जरा जास्त झाल्याच तर सगळं पुन्हा करायची गरज नाही. मूळ रंग पाण्यात इतका पातळ करायचा की ते रंगीत पाणीच वाटावं, आणि ब्रश कागदावर टिपून सगळ्या डेकवरून एक हात फिरवायचा. फळ्या एकमेकींच्या जवळ येतात.

नंतर खाचा. त्याआधी ग्लॉस वार्निशचा पातळ थर हवा. मॅट पृष्ठभागावर वॉश टाकलात तर तो जिथे पडेल तिथेच डाग धरून बसतो. ग्लॉसवर तो खाचेतून आपोआप धावतो. तुमचा काळा वॉश सगळीकडे पसरून मळकटपणा आला, त्याचं कारण बहुधा हेच. ऑइल कलरमधला रॉ अंबर (तपकिरी) घ्या, त्यात पांढऱ्याचा कण आणि पेन्स ग्रेचा (गडद निळसर राखाडीचा) कण. ट्यूबमधून काढलेला रंग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर अर्धा तास ठेवलात तर त्यातलं जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो, रंग लवकर वाळतो आणि मॅट राहतो. बिनवासाच्या मिनरल स्पिरिटमध्ये तो पातळ करून, ब्रशचं टोक खाचेला नुसतं टेकवायचं. रंग एक-दोन सेंटिमीटर स्वतःच पळतो. बघायला मजा येते. पंधरा-वीस मिनिटांनी, रंग ओला नाही पण पुरता वाळलेलाही नाही अशा वेळी, जुन्या सुती कापडाच्या किंवा इअरबडच्या कोरड्या टोकाने जास्तीचा पुसायचा. इथे दिशा महत्त्वाची. फळीच्या बाजूने पुसलंत तर कापड खाचेतला रंगही ओढून नेतं. लांब खाचांना आडवं पुसलंत तर फळ्यांच्या टोकांचा रंग निघतो. म्हणून तिरकं पुसायचं. कुठे रंगाचा पुसट मळ राहिला तर राहू द्या, त्यातून डेकला वय येतं.

एक इशारा, आणि तो अनुभवाचा. ही स्पिरिटं उघड्या किंवा ताणलेल्या पॉलिस्टायरिनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, खातात. एकदा मी घाईत डेक आधी चिकटवला. डेकला मधे किंचित बाक असतो, तो हलमध्ये दाबून बसवलेला, कडा ताणात. वर ऑइल वॉश टाकला, आणि रात्री टेबलावरून 'टक' असा बारीकसा आवाज आला. सकाळी बघतो तर मुख्य डोलकाठीच्या भोकापासून कडेपर्यंत तडा. दुसरा आवाज मी जेवताना ऐकला. म्हणून माझा नियम: डेक सुटा असतानाच वॉश, खाली रंग आणि वार्निशचा पूर्ण थर, आणि वॉश भोकांत साचू द्यायचा नाही. तुमचा डेक सुटा आहे हे ऐकून बरं वाटलं, ते याचसाठी.

स्पिरिटचा वास घरात नको असेल तर ०.३ मिलिमीटरची मेकॅनिकल पेन्सिल खाचेतून फिरवली तरी काम भागतं. ग्रॅफाइट थोडं चमकतं, वर मॅट थर आल्यावर ती चमक जाते. ॲक्रिलिक वॉशही चालतो, पण तो चटकन वाळतो आणि कडेला भरतीच्या रेषेसारखा डाग सोडतो. हाताएवढाच भाग घ्यायचा, ओला ब्रश तयार ठेवायचा. आणि १:२०० किंवा त्याहून लहान मॉडेल असेल तर खाचांना हातच लावू नका. फक्त फळ्यांच्या छटांवर डेक सोडून द्या.

ड्रायब्रशिंगबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे: डेकवर ते नको. ड्रायब्रशिंग उंचवट्यांच्या कडा उजळवतं, आणि डेकला उंचवटे असतातच कुठे? त्यामुळे उलट किटच्या कोरलेल्या रेषा आणि खाचांच्या कडा ठळक होतात, म्हणजे जे लपवायचं तेच आपण दाखवत बसतो. तोफेच्या गाड्यावर, दोरांवर, जाळ्यांवर खुशाल करा.

शेवटचा थर मॅट वार्निशचा. तो वाळेपर्यंत निर्णय घेऊ नका. ग्लॉसखाली रंग गडद आणि फरक तीव्र दिसतात, मॅट आलं की सगळं थोडं फिकं आणि एकजीव होतं. कितीतरी जण ग्लॉसच्या टप्प्यावर 'खूपच गडद झालं' म्हणून परत रंगवायला बसतात.

मॅटनंतर जे काही करायचं ते थोडं आणि कारण असलेलं. सुकाणूच्या चाकामागे, जिथे माणूस तासन् तास उभा राहतो, तिथे दोन-तीन फळ्या जरा फिक्या. हॅचभोवती आणि जिन्याच्या पायथ्याशी तसंच. बुलवर्कच्या (डेकच्या कडेच्या ठेंगण्या भिंतीच्या) आतल्या कोपऱ्यात, जिथे घासणाऱ्याचा ठोकळा पोहोचत नाही, तिथे किंचित गडद. डोलकाठ्यांच्या आधाराचे दोर डांबरात भिजवलेले असत, त्यांच्या खाली डेकच्या कडेला एखाद-दुसरा तपकिरी थेंब. लोखंडी सांगाड्याचं जहाज म्हणून गंजाचे ओघळ मारावेसे वाटतील. कटी सार्क चहा आणि लोकर वाहणारं, वेगासाठी नावाजलेलं क्लिपर, म्हणजे वेगवान शिडाचं मालवाहू जहाज होतं. असल्या जहाजाचा कप्तान डेकवर गंज खपवून घेईल असं मला वाटत नाही. मी एकही ओघळ मारला नाही.

एक गोष्ट मात्र नक्की करा. डेक उघड्या लाकडाचा आणि त्यावरची कामं वार्निश केलेल्या लाकडाची, हा फरक ठेवा. डेकहाउसची (डेकवरच्या खोलीची) चौकट, कठडे, स्कायलाइट (उजेडासाठीची काचेची झाकणं) यांना वार्निश असे, म्हणून ते लालसर, तपकिरी, किंचित सॅटिन. डेक मात्र फिका, राखाडी, मॅट. हा विरोधाभास दिसला की बघणाऱ्याच्या डोळ्याला दोन्हीही लाकूड वाटू लागतं. एकाच बाटलीतला तपकिरी दोन्हीकडे मारला की दोन्ही प्लास्टिक वाटतात. तुम्ही तसं केलं असेल असा माझा अंदाज आहे, चुकला तर माफ करा.

खऱ्या लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे तयार डेक मिळतात, त्यांच्याबद्दलही कोणीतरी सुचवेलच. वाईट नसतात. पण त्यातलं लाकूड खरं असलं तरी त्याच्या रेषा खऱ्या मापाच्या असतात, त्यांना १:९६ कसं समजणार? शिवाय जाडी वाढते आणि हॅचची उंची कमी भासते. रंगवलेला प्लास्टिकचा डेक नीट जमला तर मला तोच जास्त पटतो.

थोडक्यात तुमच्या डेकचा क्रम असा: धुणं, टोकं कोरणं, पातळ बफ-डेक टॅनचे तीन हात, तीन छटा, कृष्णधवल फोटो, ग्लॉस, खाचांत राखाडी-तपकिरी, तिरकं पुसणं, मॅट. रोज संध्याकाळी तास-दीड तास दिलात तर आठवडाभराचं काम, त्यातले दोन-तीन दिवस ऑइल वाळण्याची वाट बघण्यात.

आणि हे सगळं आधी डेकच्या खालच्या बाजूला करून बघा. ती बाजू कायमची हलच्या आत जाणार आहे, कोणी बघणार नाही. ब्लेड आणि पट्टीने दहा-बारा फळ्या आखा, टोकं कोरा, आणि हाच क्रम तिथे पूर्ण करा, मॅटपर्यंत. माझ्या जवळपास प्रत्येक जहाजाच्या डेकखाली असा एक डेक आहे, आणि तीन-चार वेळा तर खालचा वरच्यापेक्षा बरा झालाय.